रात्रीच्या झोपेतून मधुमेह कसा ओळखायचा

रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागायला लागलं की घरात ठरलेले तर्क निघतात. पन्नाशीपुढचा पुरुष असेल तर ‘प्रोस्टेट असेल’, बाकी कुणी असेल तर ‘झोपताना पाणी जास्त प्यायलं असेल’. रक्तातली साखर सगळ्यात शेवटी आठवते. खरं तर या तिन्ही शक्यता घरच्या घरी बऱ्याच वेगळ्या करता येतात. त्यासाठी मापाचं भांडं, घड्याळ आणि तीन दिवसांची वही एवढंच लागतं. निदान रक्ताच्या तपासणीनेच होतं, पण ती तपासणी किती तातडीने करायची आणि डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं, हे या वहीतून कळतं.

रात्रीच का जाणवतं

रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली (दर १०० मिलिलिटरमागे, पुढचे साखरेचे आकडेही याच मापात) की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. उरलेली साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. एरवी रात्री मेंदूतून सुटणारं एक संप्रेरक लघवी कमी आणि दाट करतं, म्हणून निरोगी माणूस सहा-सात तास न उठता झोपतो. लघवीत साखर असली की या संप्रेरकाचा जोर कमी पडतो.

त्यात आपल्याकडे रात्रीचं जेवण उशिरा. साडेनऊ-दहाला भातावर आमटी घेऊन जेवायचं आणि लगेच अंथरुणावर पडायचं. जेवणानंतर तास-दोन तासांत साखर सर्वांत वर असते, नेमकं तेव्हा आपण झोपेत असतो, आणि पहिली जाग साडेबारा-एकच्या सुमारास येते. लघवी दिवसाही जास्तच होत असते. फक्त कामाच्या धांदलीत तिच्याकडे लक्ष जात नाही. रात्री झोप मोडते म्हणून ती लक्षात येते.

यातून निघणारी दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ज्याची साखर उपाशीपोटी १३५ आणि जेवणानंतर १७५ आहे, त्याची रात्र अगदी शांत जाईल, तरी त्याची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या रेषेपलीकडे आहे. म्हणजे खाली सांगितलेली लक्षणं दिसली तर तपासणी लगेच करायची. दिसली नाहीत म्हणून मात्र निर्धास्त राहायचं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिॲब पाहणीनुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे आणि आणखी १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गोव्यात तर मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक निघालं.

तीन दिवस लघवी मोजा

एक लिटरचा, मिलिलिटरच्या खुणा असलेला प्लॅस्टिकचा मग घ्या आणि तो याच कामासाठी वेगळा ठेवा. लागोपाठ तीन दिवस शक्य नसतील तर आठवड्यातले कोणतेही तीन चालतील, पण प्रत्येक वेळी पूर्ण चोवीस तासांची नोंद हवी. लग्नाचा, प्रवासाचा किंवा तापाचा दिवस धरू नका.

१. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी पहिल्या दिवशी सोडून द्या. तिथून वेळ सुरू.

२. पुढची प्रत्येक लघवी मगमध्ये करा, वेळ आणि माप लिहा. अंदाजाने लिहू नका. अंदाज दुपटीनेही चुकतो.

३. प्यायलेलं सगळं लिहा: पाणी, चहा, ताक, सरबत, दारू. घरातलं फुलपात्र एकदा मगने मोजून ठेवा, म्हणजे दरवेळी मोजावं लागत नाही.

४. झोपायला गेल्याची आणि उठल्याची वेळ लिहा. दुसऱ्या दिवशीची सकाळची पहिली लघवी रात्रीच्या हिशेबात धरायची, कारण ती रात्रीच तयार झालेली असते. इथे सर्वांत जास्त चूक होते.

५. रात्री जाग आली तेव्हा लघवीच्या दाबाने आली, की घशाला कोरड पडून, की आवाजाने जाग आली आणि ‘उठलोच आहे तर जाऊन येऊ’ म्हणून गेलात, हे एका शब्दात लिहा.

आता आकडे वाचायचे. मोठ्या माणसाची दिवसभराची लघवी साधारण एक ते दोन लिटर असते. चोवीस तासांची बेरीज तीन लिटरच्या वर जात असेल, प्रत्येक वेळी चांगली ३५०-५०० मिलिलिटर होत असेल आणि रंग पाण्यासारखा फिका असेल, तर साखरेचा संशय सर्वांत पुढे ठेवा. उदाहरणार्थ, रात्री एकला ४५०, साडेतीनला ४००, सकाळी सहाला ५००, आणि दिवसभरात आणखी २१००. एकूण झाले ३४५०. इथे रात्र आणि दिवस दोन्ही जड आहेत, आणि वाढलेल्या साखरेची हीच खूण.

याउलट रात्री चार वेळा उठून दरवेळी ८०-१५० मिलिलिटरच होत असेल, धार बारीक असेल, सुरू व्हायला वेळ लागत असेल आणि झाल्यावरही राहिल्यासारखं वाटत असेल, तर त्रास मूत्राशयाचा किंवा प्रोस्टेटचा असण्याची शक्यता जास्त. सोबत जळजळ किंवा ताप असेल तर लघवीतला संसर्ग. हा संसर्ग वारंवार होत असेल तर मात्र साखर तपासाच, कारण मधुमेहात तो सहज होतो आणि लवकर हटत नाही.

तिसरा प्रकार बरेचदा नजरेतून सुटतो. चोवीस तासांची बेरीज ठीक आहे, पण तिचा मोठा वाटा रात्रीच होतो. साठीपुढच्या माणसात एक तृतीयांशाहून जास्त लघवी रात्री होत असेल तर पाय पाहा. संध्याकाळी नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून खड्डा पडतो का? दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. हृदय, मूत्रपिंड किंवा पायाच्या शिरा यांपैकी कशाचं तरी हे लक्षण असू शकतं. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं यानेही रात्रीची लघवी वाढते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेत असाल तर उत्तर कदाचित तेवढंच आहे. ती सकाळी घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बदलू नका.

तहान: आधी काय, मागून काय

‘रात्री पाणी पितो म्हणून लघवी होते’ हा समज फार घट्ट आहे. मधुमेहात क्रम उलटा असतो: लघवीवाटे पाणी जातं म्हणून तहान लागते. त्यामुळे झोपमोड टाळायला पाणी बंद करणं ही या सगळ्यातली घातक चूक. लघवी थांबत नाही, शरीर मात्र कोरडं पडत जातं आणि साखर आणखी दाट होते. उशाशी तांब्या ठेवा आणि तहान लागेल तेवढं साधं पाणी प्या. सरबत, शीतपेय, उसाचा रस नको. तहान भागवायला गोड पेयं घेतल्यामुळे साखर चारशे-पाचशेपर्यंत गेलेले रुग्ण दवाखान्यांत नेहमी येतात.

नुसतं तोंड कोरडं पडणं वेगळं. तोंडाने श्वास घेणाऱ्याची, घोरणाऱ्याची जीभ पहाटे टाळूला चिकटते, पण एक घोट पाण्याने भागतं. साखरेच्या तहानेत अर्धा तांब्या पाणी पिऊनही तासाभरात पुन्हा कोरड पडते. विदर्भातल्या मे महिन्यात तहान कुणालाही लागते. तेव्हा लघवीचा रंग पाहा. उन्हाच्या तहानेत लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. तहानही भरपूर आणि लघवीही भरपूर, फिकी, असं एकत्र दिसलं तर दोष उन्हाळ्याला देऊ नका. त्यात महिन्या-दोन महिन्यांत काही न करता दोन-तीन किलो वजन उतरलं असेल, तर रक्ताची तपासणी उद्यावर ढकलू नका.

मुंग्यांचं काय? लघवीला मुंग्या लागतात हे निरीक्षण आपल्याकडच्या जुन्या वैद्यकातही आहे, आणि ‘मधुमेह’ हे नावच लघवीच्या गोडीवरून पडलेलं आहे. मुंग्या दिसल्या तर तपासणी जरूर करा. पण त्या दिसल्या नाहीत याला काही अर्थ नाही. फ्लशच्या संडासात त्या येणार कुठून. आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या गोळ्या चालू असतील तर रक्तातली साखर आटोक्यात असूनही लघवीत साखर येणारच, कारण त्या गोळ्यांचं कामच ते आहे.

अंथरुणात पाय आणि त्वचा

मधुमेहात नसांना इजा होते ती बहुधा सर्वांत लांबच्या नसांपासून, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांत. तळव्यांची आग, मुंग्या, सुया टोचल्यासारखं, चादरीचा स्पर्शही नको वाटणं. दोन्ही पायांत सारखं, मोजा चढवल्यासारखं हळूहळू वर सरकणारं, आणि रात्री जास्त. एकाच पायात असेल, कंबरेतून खाली उतरत असेल, तर मणक्याकडे पाहावं लागेल. पोटरीत अचानक गोळा येऊन मिनिटभरात सुटणं ही वेगळी आणि फार सर्रास दिसणारी गोष्ट आहे. त्यावरून मधुमेह ठरत नाही. पाय सतत हलवावेसे वाटणं आणि उठून चाललं की बरं वाटणं, हा आणखी तिसरा प्रकार.

तळव्यांची आग बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही होते. शाकाहारी घरांत ही कमतरता बरीच दिसते, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही. म्हणून साखरेबरोबर बी-१२ तपासून घ्या.

घरी करता येणारी एक चाचणी: झोपलेल्या माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबायचं नाही, थोपटायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. स्पर्श कळला की त्याने ‘डावा’ किंवा ‘उजवा’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर संवेदना कमी झाली आहे असं धरा आणि डॉक्टरांना पाय दाखवा. अशा पायांना गरम पाण्याची पिशवी किंवा विटेचा शेक देऊ नका. आग जाणवते म्हणून चटकाही जाणवेल असं नसतं. फोड सकाळी दिसतो.

रात्री वाढणारी जननेंद्रियाची खाज हे लक्षण लाजेपोटी कुणी बोलत नाही. साखरयुक्त लघवीमुळे तिथे बुरशी वाढते. बायकांत दह्यासारखा पांढरा स्राव आणि खाज, पुरुषांत शिश्नाच्या टोकावरची कातडी लाल होणं, चिरणं. मलम लावून आठ दिवसांत बरं होतं, महिन्याभरात पुन्हा येतं. असं दोनदा झालं तर तिसरं मलम आणण्याआधी साखर तपासा. मानेमागे आणि काखेत मखमलीसारखा काळसर पट्टा असेल तर तो घासून जाणार नाही. तो बहुधा इन्सुलिनचा परिणाम कमी होत असल्याची खूण असतो, आणि मुलांमध्येही दिसतो.

घामाने भिजून जाग येणं

हे लक्षण बाकीच्यांच्या उलट टोकाचं आहे. गारेगार घाम, थरथर, छातीत धडधड, भीतिदायक स्वप्नं, झोपेत ओरडणं, सकाळी डोकं जड आणि गंजी ओली: हे साखर वाढल्याचं नाही, उतरल्याचं लक्षण असतं. ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या चालू आहेत, त्यांच्यात हा धोका खरा. गोळी घेतली आणि जेवण टाळलं, अर्धवट जेवले, संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त श्रम झाले किंवा दारू घेतली, की रात्री साखर घसरते. एकादशी, नवरात्राचे उपास, चंद्रोदयापर्यंत ताणलेली संकष्टी यांत गोळ्यांचा डोस काय ठेवायचा हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

साखर ७० च्या खाली असेल तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात द्या, म्हणजे ग्लुकोज पावडरचे चहाचे साधारण तीन चमचे. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. साखर सावरली की अर्धी पोळी किंवा दोन बिस्किटं आणि थोडं दूध. ग्लुकोमीटर हाताशी नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका, आधी ग्लुकोज द्या. घरातली साखरही चालते, पण वोग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर नाही: त्या गोळ्या साखरेचं पचन रोखतात, त्यामुळे ग्लुकोजच हवं. उशाशी ग्लुकोजचं पाकीट ठेवायचं ते यासाठी. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, ठसका लागून श्वास अडकेल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

मधुमेही माणसाला गार घाम आणि दम आहे, पण साखर मोजली तर नीट आहे, असं असेल तर हृदयविकाराचा झटका धरून चला. मधुमेहात छातीत कळ न येताही झटका येतो.

मूल पुन्हा गादी ओली करायला लागलं तर

सहा महिने किंवा जास्त काळ रात्री कोरडं राहणारं मूल अचानक गादी भिजवायला लागलं, खूप पाणी प्यायला लागलं आणि बारीक दिसायला लागलं, तर त्याला रागावू नका आणि ‘शाळेची भीती असेल’ म्हणून वाट पाहू नका. त्याच दिवशी बोट टोचून साखर मोजून घ्या. उद्या सकाळी उपाशीपोटी नेऊ असंही नको. टाइप १ मधुमेहात काही तासांतही प्रकृती बिघडते. आकडा २०० किंवा वर असेल तर थेट बालरोगतज्ज्ञ असलेलं रुग्णालय गाठा. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी यांतलं काही दिसलं तर मध्यरात्र असली तरी निघा.

कोणती तपासणी, कशी

उपाशीपोटीच्या तपासणीआधी आठ तास काही खायचं नाही. साधं पाणी चालतं, चहा नाही. जेवणानंतरची तपासणी पहिल्या घासापासून दोन तासांनी. आदल्या आठवड्यात गोड बंद करून ‘चांगला’ रिपोर्ट आणू नका, त्याचा उपयोग कुणालाच नाही.

उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त, यांपैकी काहीही मधुमेह दाखवतं. लक्षणं नसतील तर तपासणी दुसऱ्यांदा करून खात्री करतात. वर सांगितलेली लक्षणं असतील तर कोणत्याही वेळी केलेली २०० किंवा जास्त साखर पुरेशी. उपाशीपोटी १००-१२५ किंवा एचबीएवनसी ५.७-६.४ ही मधुमेहापूर्वीची अवस्था.

फक्त एचबीएवनसीवर विसंबू नका. लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग असेल तर हा आकडा खोटा वर जाऊ शकतो. सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर तो भरवशाचा राहत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत हे लक्षात ठेवायलाच हवं. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड सकाळी घेत असाल तर उपाशीपोटीचा आकडा साधा येतो आणि साखर दुपारनंतर चढते, म्हणून जेवणानंतरची तपासणी मागा.

घरचा ग्लुकोमीटर निदानासाठी नाही, इशाऱ्यासाठी आहे. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटावर आकडा भलताच वर येतो. बोटाच्या कडेला टोचा, पिळू नका. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा. पावसाळ्यातल्या दमट हवेने पट्ट्या बिघडतात.

ग्रामीण भागात उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीपुढच्यांची साखर आणि रक्तदाब तपासतात, आशाताईंना विचारा. जाताना तीन दिवसांची वही आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत घ्या. साखरेचे सगळे रिपोर्ट साधे आले आणि लघवीची बेरीज तरी तीन लिटरच्या वर असेल, तर रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि घोरण्याचा इतिहास यांवर बोला. आणि बेरीज कमी, फेऱ्या मात्र जास्त असतील, तर पुढची चिठ्ठी मूत्ररोगतज्ज्ञांच्या नावाने घ्या.